घंटीच्या गल्लीत विज्ञानाची परीक्षा

सुरतेची जुनी तटबंदी आता बहुतेक ठिकाणी नावापुरतीच उरली आहे. परंतु जिथे तिचा कतारगाम दरवाजा होता, तेथून उत्तरेकडे चालू लागले म्हणजे ज्या वस्तीत आपला प्रवेश होतो, तिची ओळख महानगरपालिकेच्या दफ्तरातील झोनच्या नावापेक्षा तिच्या कारखान्यांनीच अधिक करून दिलेली आहे. सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार येथे एकेका घंटीभोवती चौघेचौघे बसून हिरे घासतात, पलीकडच्या गल्लीत यंत्रमागांचा आणि भरतकामाच्या यंत्रांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो, आणि खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने पोटामागे आलेली मराठी कुटुंबे या शहराच्या श्रमिक वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांच्याही शाळा या शहरात चालविल्या, त्या याच मंडळींच्या मुलांसाठी.

सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बल, घर्षण, ज्वलन, आम्ले, सूक्ष्मजीव आणि विद्युत्प्रवाहाचे रासायनिक परिणाम असे जे जे प्रकरण आहे, त्यातील निम्मेअधिक या मुलांच्या बापांच्या हाताखालून रोज जाते. असे असूनही परीक्षेत प्रश्न येतो तो ‘घर्षण म्हणजे काय?’ आणि उत्तर अपेक्षित असते ते व्याख्येच्या ठरलेल्या दोन ओळींचे. विद्यार्थ्याला विज्ञान किती समजले याची तपासणी करण्याचा हेतू त्या प्रश्नकर्त्याच्या मनात असेलही. प्रत्यक्षात मात्र त्याने विद्यार्थ्याच्या पाठांतराची हजेरी घेतलेली असते, आणि ती हजेरी चोख लागली म्हणून विज्ञान उपस्थित होते असे समजण्यास काही आधार नाही.

आता हीच घंटी प्रश्नपत्रिकेत आणून पाहावी. बिडाची एक चकती, जिला कारागीर सरण म्हणतात, अतिशय वेगाने फिरत असते. तिच्यावर हिऱ्याचीच बारीक पूड तेलात कालवून चोपडलेली असते. आणि त्या चकतीवर पकडीत धरलेला हिरा कारागीर अशा बेताने टेकवितो की पैलूचा कोन तसूभरही ढळू नये. प्रश्न असा विचारावा: चकती लोखंडाची असताना तिने हिरा झिजतो कसा? जो मुलगा ‘लोखंड कठीण असते’ असे लिहील, त्याने कठीणपणाची कल्पना करून घेतलीच नाही हे एका ओळीत कळते; कारण मोसच्या श्रेणीत हिरा सर्वोच्च, म्हणजे 10 या स्थानी आहे आणि लोखंड त्याच्या पुष्कळ खाली. हिऱ्याला झिजवितो तो हिराच, चकती केवळ त्या पुडीला वाहून नेते, हे ज्याने ओळखले त्याला पुढे आणखी एक प्रश्न विचारता येतो. एकच कठीणपणा असलेल्या दोन पदार्थांपैकी एकाने दुसरा कसा कापला जावा? स्फटिकातील अणूंची रचना सर्व दिशांनी सारखी नसल्याने हिरा काही दिशांनी तुलनेने कमी कठीण असतो, आणि पुडीतील असंख्य कणांचे टोक कोठे ना कोठे अनुकूल दिशेने लागतेच, हे उत्तर आठवीच्या कक्षेपलीकडचे आहे हे मला मान्य आहे. तथापि प्रश्न आठवीच्या कक्षेतला आहे, आणि ज्या मुलाच्या मनात तो उद्भवला त्याला उत्तर आले नाही तरी गुण मिळावेत असे माझे मत आहे.

रसायनशास्त्राची परीक्षा घेण्यासही याच खड्याइतके सोयीचे साधन नाही. लाव्हाझ्ये याने 1772 मध्ये भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला आणि त्यातून निघणारा वायू कोळसा जळताना निघणाऱ्या वायूसारखाच आहे असे दाखविले. पुढे 1797 मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने वजने घेऊन हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच, हे निश्चित केले. कतारगामच्या कारागिरास या फ्रेंच आणि इंग्रज पंडितांची नावे ठाऊक नसतील, परंतु चकतीवर दाब जास्त पडला म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने पैलूवर पांढुरका डाग उमटतो आणि हिरा ‘जळला’ असे म्हणून मालक कपाळाला हात लावतो, हे त्याच्या मुलाने घरी ऐकलेले असते. मग पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि अंगठीतील हिरा दोन्ही कार्बनच, तर एक कागदावर उमटते आणि दुसरे काच कापते, एकातून वीज वाहते आणि दुसऱ्यातून वाहत नाही, हे कशामुळे? येथे ‘अपरूपे’ हा शब्द लिहून मोकळे होणाऱ्या उत्तराला किती गुण द्यावेत याचा विचार परीक्षकाने करावा. नाव सांगणे आणि कारण सांगणे यांत जे अंतर आहे ते मोजण्यासाठीच तर हा प्रश्न काढलेला असतो. जुन्या नाटकांतून आणि बखरींतून हिरकणीचा उल्लेख विष म्हणून येतो. जो पदार्थ कोणत्याही आम्लाला दाद देत नाही तो पोटातल्या सौम्य आम्लात विरघळून रक्तात भिनेल काय, एवढे विचारले की पुराणकथेची आणि रसायनशास्त्राची परीक्षा एकाच वेळी होते.

बहुपर्यायी प्रश्न हा आजच्या परीक्षांचा राजमार्ग झाला आहे, आणि त्याला नावे ठेवणारे शिक्षक पुष्कळ आहेत. पण दोष त्या प्रकारात नसून चुकीचे पर्याय निष्काळजीपणाने भरण्यात आहे. चार पर्यायांपैकी तीन इतके हास्यास्पद असतात की चौथा आपोआप निवडला जातो. उलट प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे मुलांच्या मनात खरोखर वास करणारी एकेक गैरसमजूत असली, तर बरोबर उत्तरापेक्षा चुकीचे उत्तरच शिक्षकाला अधिक माहिती देते. रोपट्याचे झाड झाले, त्याचे वजन कोठून आले? माती, खत, पाणी, हवा. बहुसंख्य मुले माती म्हणतात, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नाही, कारण ॲरिस्टॉटलच्या काळापासून शहाणी माणसेही तेच म्हणत आली. फान हेलमाँटने 200 पौंड मातीत विलोचे रोप लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड 164 पौंडांनी वाढले आणि माती जेमतेम दोन औंस घटली. माती नव्हे हे त्याने सिद्ध केले, आणि सारे वजन पाण्याचे असा निष्कर्ष काढून तो स्वतःच दुसऱ्या चुकीच्या पर्यायात अडकला. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द शास्त्रात आणणाराही तोच, आणि हवेतील कार्बन डाय ऑक्साइड या वायूनेच झाडाच्या लाकडाचा मोठा भाग घडतो हे मात्र त्याला उमगले नाही. आठवीच्या मुलाने ‘पाणी’ लिहिले तर त्याला शून्य देताना परीक्षकाचा हात किंचित अडखळावा, एवढी या इतिहासाची शिफारस आहे.

अशा समजुती वयाने जातात असाही भ्रम नसावा. हार्वर्ड विद्यापीठात 1987 साली पदवीदानाच्या दिवशी काढलेल्या एका माहितीपटात पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून तेवीस जणांना उन्हाळा-हिवाळा किंवा चंद्रकला का होतात असे विचारले, तेव्हा एकवीस जणांनी चुकीचे कारण दिले. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, असे ठामपणे सांगणाऱ्या त्या झगाधारी विद्वानांच्या पंक्तीला कतारगामच्या शाळेतला मुलगा बसला तर त्याची मान खाली जाण्याचे कारण नाही.

जीवशास्त्रासाठी मात्र या मुलखाला हिऱ्याकडे जावे लागत नाही. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली तेव्हा तिचा पहिला आणि सर्वांत मोठा तडाखा कतारगामला लागून असलेल्या वेडरोड भागातील झोपड्यांना बसला, आणि त्या झोपड्यांत महाराष्ट्रातून आलेले मजूर मोठ्या संख्येने राहत होते. थोड्याच आठवड्यांपूर्वी बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची चाहूल लागलेली होती. तापीला पूर येऊन गेलेला होता. आणि बातमी पसरताच लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. मृतांची संख्या पन्नासांच्या आसपास राहिली, यास टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांचे सढळ वाटप बऱ्याच अंशी कारण झाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले आणि त्यांच्या अंमलात या शहराचा कचरा असा हटला की ज्या सुरतेला लोक नाके मुरडत होते तिची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली.

आठवीच्या सूक्ष्मजीवांच्या प्रकरणात प्लेगचा उल्लेख असो वा नसो, वेडरोडच्या मुलाला हा प्रश्न परका नाही: साथीच्या वेळी वस्तीतले सगळे उंदीर मारून टाकले असते तर साथ थांबली असती काय? ‘प्लेग उंदरांपासून होतो’ एवढे पाठ असलेला मुलगा होय म्हणून बसेल. पण रोग जिवाणूचा, उंदरावरच्या पिसवेने तो माणसापर्यंत यावयाचा, आणि एकदा तो फुप्फुसांत उतरला म्हणजे खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे थेट जावयाचा. तेव्हा उंदीर त्या टप्प्यावर जवळजवळ निर्दोष सुटतो, ही साखळी ज्याला मांडता आली त्याला जीवशास्त्र आले म्हणण्यास हरकत नाही. त्याला जोडूनच विचारावे की टेट्रासायक्लिन प्लेगवर लागू पडली, ती इन्फ्लुएंझावर का पडत नाही? जिवाणू आणि विषाणू यांतला भेद तक्त्याच्या दोन रकान्यांत लिहिणारी मुले येथे थबकतात.

जरीच्या धंद्याकडूनही एक चांगला प्रश्न उसना घेता येतो. रेशमाभोवती गुंडाळलेल्या चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा विद्युत्प्रवाहाने चढविण्याची सुरतेची पद्धत आहे. तार बॅटरीच्या कोणत्या टोकाला जोडावी, आणि चुकून उलटी जोडली तर काय होईल, हे आठवीच्या मुलाने सांगावे. दुसरे टोक निवडणारा मुलगा चांदीची तार द्रावणात झिजवून टाकील, म्हणजे कारखानदाराचे दिवाळे काढील.

एकेकाळी हे शहर स्वतःच एक परीक्षास्थान होते. सरकारी शाळेतले शिक्षक दुर्गाराम मेहताजी यांनी येथल्या मांत्रिकांना आपली विद्या चारचौघांत सिद्ध करून दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले, आणि 1844 मध्ये जी मानवधर्म सभा स्थापन झाली तिच्यात त्यांच्याबरोबर त्यावेळी सुरतेत इंग्रजी शाळेवर असलेले आपले दादोबा पांडुरंग होते. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा नियम त्यांनी मुलांना शिकविला नसेल असे मानणे कठीण आहे.

आज परीक्षांना तोटा नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीसाठी गुजरातमध्ये गांधीनगरचे राज्य परीक्षा मंडळ आठवीच्या मुलांची परीक्षा घेते. तिच्या शैक्षणिक पात्रतेच्या पत्रिकेत नव्वद प्रश्नांपैकी पस्तीस विज्ञानाचे, आणि उत्तीर्ण होऊन यादीत येणाऱ्यास नववीपासून वर्षाला 12,000 रुपये. घंटीवर बसलेल्या बापाला मंदीच्या दिवसांत हा आकडा लहान वाटत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात 2017 आणि 2021 साली आठवीचे विज्ञान तपासले गेले. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या परख सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी हे वर्ग घेतले. आंतरराष्ट्रीय पातळीवर 1995 पासून चालत आलेली टिम्स ही चाचणी आठवीच्या विज्ञानात जीवशास्त्राला 35, भौतिकीला 25, रसायनशास्त्राला 20 आणि भूविज्ञानाला 20 टक्के वाटा देते, आणि त्याशिवाय किती प्रश्न नुसत्या माहितीचे, किती उपयोजनाचे, किती तर्काचे हेही ठरवून घेते. ही दुसरी वाटणी आपल्या घटक चाचण्यांच्या पत्रिकांत सहसा आढळत नाही. गुजरातच्या शाळांतून काही वर्षे दर आठवड्याला एकम कसोट्या घेतल्या गेल्या. त्यांतून शिक्षकांच्या टेबलावर वह्यांचा ढीग साचला, आणि ढीग तपासण्याच्या घाईत उत्तरे वाचावयाची राहून गेली, अशी कुरकुर शिक्षक मंडळींत ऐकू येत असे.

याहून निराळे काही करून पाहिलेले नाही असे नाही. नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा शाळांत जो विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे साऱ्या जिल्ह्यात पसरून 2002 पर्यंत टिकला, त्यात आठवीच्या परीक्षेला मुले पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसत, आणि शिवाय प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा देत. मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघाने 1981 पासून चालविलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रयोगही करून दाखवावा लागतो. परंतु ती निवडक हुशारांची स्पर्धा, सर्वांची परीक्षा नव्हे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी विज्ञानपुस्तकांची अवजड भाषा सोपी करून शिकविले, तेव्हा मुलांची प्रगती वाढलेली दिसली. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी अशा तीन कक्षांतून ये-जा करणारा सुरतेचा मुलगा विज्ञानात नापास झाला की वाक्यरचनेत, हे निकालपत्रावरून कधीच कळणार नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला खर्च येतो ही सबब मात्र या वस्तीत टिकणारी नाही. एक विजेरीचा सेल, एक बारीक दिवा आणि तारेचा एकच तुकडा मुलाच्या हातात द्यावा व दिवा लावून दाखव म्हणावे. दोन तारा मागणारा, दिव्याचे एकच टोक जोडून वाट पाहणारा, आणि दिव्याचे बूड सेलच्या टोकावर टेकवून तारेने वर्तुळ पुरे करणारा, असे तीन विद्यार्थी पाच मिनिटांत वेगळे दिसतात. परीक्षकाने पहिल्याला नापास करू नये. त्याला दुसरी तार द्यावी, आणि ती तो कोठे जोडतो ते पाहून मग गुण लिहावेत.