गावातल्या कॉलेजात सहा हजार नियतकालिकं

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरची महाविद्यालयं १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. २००९ च्या केंद्रीय योजनेत महाविद्यालयांना बीएसएनएलच्या ५१२ केबीपीएसच्या इंटरनेट जोडण्या मिळू लागल्या. आज तेवढ्या वेगात व्हिडिओ धड चालणार नाही. खरी मोलाची सोय म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही योजना. महाविद्यालयानं वार्षिक वर्गणी भरली, की सहा हजारांहून अधिक नियतकालिकं आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तकं खुली होतात, घरबसल्या मोबाइलवरसुद्धा. मात्र प्रत्येकाचं खातं महाविद्यालयातूनच उघडावं लागतं. म्हणून नव्या संगणकांइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा असतो तो पासवर्ड विसरलेल्या पोराला समोर बसवून पहिला लेख उघडून देणारा ग्रंथपाल.