न्यू ऑर्लिन्सचे ताट आणि खाजणातला मासा

आपल्याकडे शेतकरी नवरा-बायको दोघेच मिळून गावाबाहेर पडतात ती दोनच कारणांनी. एक लग्नकार्य, दुसरे देवदर्शन. तिसरे कारण सांगितले की शेजारी विचारतात, "मग धारा कोण काढणार?" प्रश्न खोटा नाही. पण शेजाऱ्याने आपल्या धारा काढाव्यात आणि पुढच्या महिन्यात आपण त्याच्या, असा तोडगा निघू शकतो. माझ्या फिरतीच्या नोकरीत मी तो दोन-तीन गावांत पाहिलाही आहे.

अमेरिकेत अशा दोघांच्या सहलीचा एक चांगला रिवाज दिसला. नवऱ्याला गळाची हौस, बायकोला खाण्या-हिंडण्याची, किंवा उलट. मग अशी जागा शोधायची की दोघांचेही मन राखले जाईल. लुइझियाना राज्यातले न्यू ऑर्लिन्स हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. शहरात खाण्याची चंगळ, आणि तासाभराच्या अंतरावर खाऱ्या पाण्याचे अफाट खाजण. आमची मुलगी ह्यूस्टनला असते. तिथे मराठी मंडळी पुष्कळ आहेत. तिच्याकडे गेलो असता नोव्हेंबरात तिने आम्हा उभयतांना तीन दिवसांसाठी तिकडे धाडले.

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्स साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत क्राउली नावाचे गाव लागते, ते भाताचे गाव. तिथल्या खाचरांनी मला गाडी थांबवायला लावली. भात निघाल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास त्याच खाचरात पुन्हा पाणी भरतात. क्रॉफिश नावाचा, कोळंबीचा आणि खेकड्याचा भाऊ शोभेल असा नांग्यांचा जीव उन्हाळ्यात बांधात बिळे करून बसलेला असतो, तो पिलांसह बाहेर येतो. भाताचे धसकट कुजते, त्यावर बारीक किडे-जीव वाढतात, आणि त्यांवर हा पोसतो. मग वसंत ऋतू संपेपर्यंत जाळीचे पिंजरे लावून त्याची काढणी चालते. एकाच खाचरात दोन पिके! मात्र वाचकांपैकी कोणी हा जीव इकडे आणण्याचा विचार करू नये. तो बांध पोखरतो, कोवळी रोपे खातो. स्पेनसारख्या देशांत तो बाहेरून नेला आणि आता तिथल्या भातकऱ्यांची डोकेदुखी झाला आहे.

शहरात पोचल्यावर पहिले ताट आले ते गम्बोचे. गम्बो म्हणजे कोळंबी, खेकडा किंवा कोंबडी घातलेले घट्ट कालवण, भाताबरोबर खायचे. हे नाव मूळ आफ्रिकेतले, आणि त्याचा अर्थ ऐकून सौ.ला हसू आवरेना. अर्थ आहे भेंडी! गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर भेंडी तिथे गेली आणि कालवण दाट करण्यासाठी वापरली जाऊ लागली. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हा तिथला पाया. त्याआधी तेलात पीठ मंद आचेवर तांबूस-काळसर होईपर्यंत परततात. पिठल्यासाठी नव्हे, चकलीच्या भाजणीसाठी जितका धीर लागतो तितका धीर त्याला लागतो, असे सौ.चे मत पडले.

सोमवारी तिथे राजमा-भात खायची जुनी चाल आहे. सोमवार कपडे धुण्याचा दिवस. बाई धुण्यात गुंतलेली असताना चुलीवर राजमा आपला आपण शिजत राही. कामाच्या बाईने काढलेली युक्ती कोणत्याही देशात सारखीच! त्यात बहुधा डुकराचे मांस असते, तेव्हा माळकऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. सकाळी चिकोरी घातलेली कॉफी आणि पिठीसाखर भुरभुरलेले चौकोनी, फुगलेले बेन्ये. नदीकाठचे काफे दु मोंद हे दुकान १८६२ पासून हेच दोन पदार्थ देत आले आहे.

आता माशाकडे वळतो, कारण शहराच्या ताटाची आणि खाजणाची गाठ तिथेच पडते.

त्या पाण्यात रेडफिश नावाचा तांबूस मासा असतो. शेपटीजवळ काळा ठिपका ही त्याची खूण. पूर्वी त्याला फारशी किंमत नव्हती. पॉल प्रुडोम हा अर्धेलीने शेती करणाऱ्या बापाचा, तेरा भावंडांतला धाकटा मुलगा. त्याने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये खानावळ काढली. माशाच्या तुकड्याला लोणी आणि मसाला चोळून तो लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, असा पदार्थ त्याने लोकप्रिय केला. देशभर त्याचे वेड लागले. इतके की समुद्रातले मोठे, पिले देणारे मासे जाळ्यांनी टनावारी उपसले जाऊ लागले. प्रुडोमनेच पुढे एका टेबलाला एकच ताट, असा नियम केला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने आखातातली व्यापारी पकड रोखली, पुढे लुइझियानानेही विक्री बंद केली. आज खानावळीत जो रेडफिश मिळतो तो बहुतेक तळ्यात पाळलेला असतो.

खाजणातला मासा मग उरला हौशी गळवाल्यांसाठी. त्यालाही नियम आहे. २०२४ पासून माणशी दिवसाला चारच, आणि तेही १८ ते २७ इंचांमधले. लहान सोडायचा हे समजते. मोठा का सोडायचा? तर तो पिले देणारा असतो, आणि हा मासा चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. बियाण्याची कणसे आपण जात्यात घालत नाही, तसेच हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वाटाड्याच्या होडीत बसलो. पसरट, हलकी होडी. एंजिन बंद करून तो मागच्या उंच फळीवर उभा राहतो आणि लांब काठीने होडी रेटतो, कारण पाणी हात-दोन हातच खोल असते. फ्लाय म्हणजे माशी. कोंबड्याची पिसे, हरणाचे केस आणि दोरा गळाला बांधून खोटी माशी करतात. खाऱ्या पाण्यात मात्र ती माशीसारखी नसून खेकडा किंवा कोळंबीसारखी दिसते. निव्वळ मानेच्या पिसांसाठी कोंबड्यांचे खास वाण अमेरिकेत जोपासतात, हे कुक्कुटपालन करणाऱ्यांनी ऐकून ठेवावे.

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते, ते दोरीला ओढत नेते. इथे उलटे आहे. माशीला वजन नाही, दोरीच जड. नऊ फुटी काठीने ती मागे फेकायची, मागे पुरती सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. आसूड ओढणाऱ्याला हे लवकर कळेल. घाई केली की दोरी पायाशी ढीग होऊन पडते. पहिला तास आमचा सरावातच गेला.

वाटाड्या दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो. होडीचे नाक म्हणजे बारा. "अकरा वाजता, चाळीस फूट!" असे तो म्हणाला की डावीकडे किंचित वळून फेकायचे. पण मासा आधी दिसला पाहिजे. खाली तोंड खुपसून तो चिखलात खेकडे हुडकतो तेव्हा शेपटी पाण्याबाहेर येते. ती सौ.ने पाहिली. "अहो, तिकडं बघा, काहीतरी हलतंय गवताकडंला!" वाटाड्याला मराठी येत नव्हते, पण बोट कळले. काठी तिच्याच हातात होती. माशी माशापुढे दोन हातांवर पडली, तिने दोरी हळूहळू ओढली आणि काठी कमानीसारखी वाकली. दहा मिनिटांनी मासा होडीशी आला. मोजला तर २९ इंच. वाटाड्याने हात ओले करून त्याला धरले, कारण कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि मग त्याला रोग धरतो. गळ काढला आणि पाण्यात सोडला.

"एवढे पैसे भरून धरायचा आणि सोडून द्यायचा?" सौ.ने विचारले. पैसे खरेच फार आहेत. होडीचा दिवस सहाशे-आठशे डॉलरांच्या घरात जातो, त्यात दोघे बसतात. पण हिशेब असा. जाळ्यातला मासा एकदा विकला जातो. खाजणातला तोच मासा वाटाड्याला, धक्क्यावरच्या दुकानदाराला, शहरातल्या खानावळीला पुन्हा पुन्हा मिळकत देतो. दुभती म्हैस आणि कापलेली म्हैस यांत जो फरक, तोच.

मला मात्र माशापेक्षा जमिनीचे जास्त वाटले. हे सारे खाजण मिसिसिपी नदीच्या गाळाने घडवलेले. १९२७ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही अंगांनी भक्कम बांध घातले. शहरे वाचली, पण दरवर्षीचा गाळ खाजणात पसरायचा थांबला. जमीन खचते आहे, वरून गाळ येत नाही. तेलकंपन्यांनी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरते आणि गवत मरते. १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा याहून थोडाच मोठा आहे. वाटाड्याने नकाशा दाखवला. त्यात जिथे जमीन होती तिथून आमची होडी चालली होती.

बांध फोडून गाळाचे पाणी पुन्हा खाजणात सोडायची एक मोठी योजना २०२३ मध्ये सुरू झाली. खर्च सुमारे तीन अब्ज डॉलर. गोड्या पाण्याने आमची कालवे आणि कोळंबी जातील, म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. खर्चही वाढत गेला. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ती सोडून दिली. कोणाचे बरोबर? आज पोट कसे भरायचे हा मच्छीमाराचा प्रश्न मला खोटा म्हणवत नाही. पण गाळावाचून ते खाजण राहणार नाही, हेही तितकेच खरे.

आणि वरच्या अंगाच्या मका-सोयाबीनच्या शेतांतून वाहून आलेले नत्र याच नदीने आखातात उतरते. शेवाळ माजते, ते कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. २०१७ मध्ये असा मृत पट्टा २२,७०० चौरस किलोमीटर भरला होता. कोळंबीवाल्यांना मग होड्या लांब न्याव्या लागतात. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या, असे मी गावोगाव सांगत आलो ते पिकासाठी आणि पैशासाठी. त्यातला न लागलेला भाग शेवटी कुठे जातो, ते त्या नकाशावर दिसले.

कोणाची मुले तिकडे असतील आणि जायचा योग येईल, तर ऑक्टोबर ते डिसेंबर धरावा. मोठे मासे तेव्हा आत येतात आणि उकाडाही कमी असतो. लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि पाण्याची चकाकी मारणारा काळा चष्मा हवाच, त्यावाचून मासा दिसत नाही. काठी, चकरी वाटाड्या देतो. संध्याकाळी धक्क्यावर त्याने आमची चकरी गोड्या पाण्याने धुतली, आपण फवारणीचा पंप धुतो तशी. रात्री शहरात सौ.ने तव्यावर काळा भाजलेला रेडफिश मागवला आणि वाढप्याला आधी विचारून घेतले, तळ्यातला की खाजणातला.