अंगावरून ‘वारं’ जातं म्हणजे काय?

नांदेड-लातूरकडे कुणाला पक्षाघात झाला की लोक म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ वारे बाहेरून येते, मग ते अडवणार कसे? या एका शब्दाने सारा आजार नशिबावर ढकलला जातो.

प्रत्यक्षात बिघाड होतो मेंदूत. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, तर काही मिनिटांत तिथल्या पेशी मरू लागतात.

हे एकाएकी घडल्यासारखे वाटते, पण त्याची तयारी अनेक वर्षे चाललेली असते. वाढलेला रक्तदाब वाहिन्यांच्या भिंती हळूहळू खराब करतो. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३२ देशांतील पाहणीत, पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या १० कारणांशी जोडलेला आढळला. त्यांत पहिला क्रमांक उच्च रक्तदाबाचा. धूम्रपान, मधुमेह, बैठे जीवन ही आणखी काही कारणे.

हा केवळ शहरी आजार नव्हे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाला होता.

मग सुरुवात कुठून करायची? आम्ही सुचवू, मिठाच्या पुड्यापासून. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाबही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आता मुलांना गणित घाला: चार मोठ्या माणसांच्या घरात १ किलोचा पुडा किती दिवस पुरावा? १००० भागिले २०, म्हणजे निदान ५० दिवस. पुडा उघडल्याची तारीख त्यावर लिहायला सांगा. तो २५ दिवसांत संपला, तर माणशी रोजचे मीठ १० ग्रॅम! विकतचे फरसाण, पापड यांतले मीठ वेगळेच.

दुसरा गृहपाठ मोठ्यांसाठी. आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, तर डॉक्टरांना दाखवावे. सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नये. वरचा दाब १० अंकांनी उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्श्याने घटतो. रोज अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू, मिश्री आणि विडी सोडावी.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अंगारे-धुपारे न करता तत्काळ १०८ क्रमांक फिरवावा. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. किनवट-माहूरच्या खेड्यातून नांदेड गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून आपल्या भागात मिठाच्या पुड्यावरची तारीख अधिक मोलाची.