शहरी वस्तीतील दवाखाना आणि क्षयरोगाचा उपचार

प्रस्तावना :
२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. परंतु परिणामकारक औषधे मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तोपर्यंत शुद्ध हवा, विश्रांती व सकस आहार देणारी आरोग्यधामे हाच रुग्णाचा प्रमुख आधार होता. आज मुंबईसारख्या महानगरात बहुसंख्य रुग्ण घरी राहूनच बरे होतात. या बदलात वस्तीतील दवाखान्याचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरी उपचाराचा शास्त्रीय पाया :
१९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या एका गटाने आरोग्यधामात, तर दुसऱ्याने दाटीवाटीच्या गरीब घरांत राहून एक वर्ष तीच औषधे घेतली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार व विश्रांती कमी मिळूनही घरी राहिलेल्या रुग्णांना जवळपास तेवढाच गुण आला. कुटुंबीयांना असलेला संसर्गाचा धोकाही वाढला नाही. स्थळापेक्षा औषधातील नियमितता महत्त्वाची ठरली.

निदान व उपचार :
दोन आठवडे वा अधिक काळ खोकला, ताप, वजनात घट अथवा थुंकीतून रक्त, यांपैकी एखादे लक्षण आढळल्यास थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे केला जातो. जनुकीय चाचणीमुळे जंतूचे अस्तित्व आणि त्याने रिफॅम्पिसिनला केलेला प्रतिरोध या दोन्ही बाबी काही तासांत समजतात. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात सामान्यतः पहिले दोन महिने चार व पुढील चार महिने तीन औषधे देतात. २०१७ पासून देशभर आठवड्यातून तीनदा देण्याऐवजी ती दररोज देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

खरी कसोटी :
काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते आणि रुग्ण कामावर जाऊ लागतो. याच टप्प्यावर उपचार सुटण्याचा धोका असतो. रोजंदारीच्या कामगारास दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक खाडा. अर्धवट उपचारामुळे उरलेले जंतू पुन्हा वाढतात व औषधांना जुमानेनासे होतात. त्यामुळे आरोग्यसेविकेची गृहभेट हा उपचाराचाच भाग ठरतो. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. आहारास तिचा हातभार लागतो, मात्र बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही.

छातीचे इतर विकार :
प्रत्येक जुनाट खोकला क्षयरोगाचा नसतो. दमा, धुरामुळे जडलेला श्वासमार्गाचा आजार अथवा बऱ्या झालेल्या क्षयरोगाने फुप्फुसात राहिलेले व्रण यांमुळेही धाप लागते. अशा रुग्णास तपासणीविना पुन्हा क्षयरोगाची औषधे देणे अनुचित होय.

निष्कर्ष :
दवाखान्याचे यश नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवर नव्हे, तर उपचार पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येवर मोजावे लागेल. कामगारांना सोयीची वेळ, नियमित औषधपुरवठा आणि आपुलकीची विचारपूस या बाबी गोळ्यांइतक्याच मोलाच्या आहेत.