पोटात दुखलं की प्रत्येक वेळी ‘पित्त’च असतं का?



बैठकीत कोणी म्हणालं, “रात्री पोटात लई दुखलं,” की लगेच उत्तर मिळतं, “पित्त झालं असेल, गोळी घे.” पण तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि मळमळतं, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर अंगावर काढू नका. ते पित्ताशयातले खडे असू शकतात.

खडे होतात कुठे?
यकृताखाली एक छोटी पिशवी असते, तेच पित्ताशय. यकृताने बनवलेला पित्तरस तिच्यात साठतो. तेल-तूप पचवायला ती आकसून रस आतड्यात सोडते. या रसाचेच खडे बनतात. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. गरोदरपण, वाढलेलं वजन, खूप दिवसांचे कडक उपास यांनी शक्यता वाढते.

उपाय काय?
सोनोग्राफीत खडे दिसतात. ती उपाशीपोटी करतात. खडे आहेत पण त्रास नाही, तर बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. कळा येत असतील तर पिशवी काढणं हाच पक्का उपाय. बहुतेक वेळा ते दुर्बिणीने होतं आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पिशवी नसली तरी यकृत रस बनवतंच, जेवण पचतं.

मुतखड्यासाठी पानफुटीचा रस घेतात, तो इथे कामाचा नाही. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही. तळलेलं कमी खाल्लं तर कळा कमी होतील, पण खडे जाणार नाहीत.

यात एक दिवसही थांबू नका
- थंडी वाजून ताप
- डोळे पिवळे, लघवी गडद
- न थांबणारी कळ किंवा उलट्या
- छातीत दडपण, दम, घाम (हे हृदयाचंही असू शकतं)

१०८ ला फोन करा.

खर्चाचं काय?
दागिने गहाण टाकण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात जा. तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, “हे ऑपरेशन योजनेत इथे होतं का? नाहीतर कुठे?” उरलेल्या खर्चाला गटाचं अंतर्गत कर्ज आहेच.

पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. गोळ्यांवर दिवस काढणारी एखादी तुमच्या शेजारीच बसलेली असेल.