मालदीवमधला कायदा आणि परक्या मजुराची रोजी

मालदीव म्हटले की निळे पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते. सुमारे बाराशे बेटांच्या या मुस्लिम देशात २०२२ च्या जनगणनेत ५ लाख १५ हजार माणसे मोजली गेली. त्यांतले सुमारे १ लाख ३२ हजार परदेशी, म्हणजे चारांत एक. इमारती बांधणारे, रस्ते झाडणारे, बोटीतला माल उतरवणारे हे हात प्रामुख्याने बांगलादेशचे. भारत, श्रीलंका आणि नेपाळचेही.

यांतले बरेच जण कर्ज काढून, जमीन विकून एजंटाला पैसे देतात. माले शहरात उतरल्यावर कुणाला कळते की परमिटवर नाव असलेला मालकच नाही. कुणाचा पासपोर्ट मालक ठेवून घेतो, पगार महिनोन्‌महिने थकतो. मालक सोडला तर परवाना जातो आणि फसवला गेलेला माणूसच ‘बेकायदा’ ठरतो.

सरकारने हात बांधून ठेवले नाहीत. २०१३ मध्ये मानवी तस्करीविरोधी कायदा झाला. त्यात दहा वर्षांपर्यंत, पीडित मूल असेल तर पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. साक्ष द्यायची की नाही हे ठरवायला पीडिताला नव्वद दिवसांची मुदत आणि तोवर मदत मिळते. २०१६ मध्ये देशाने संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी करारही स्वीकारला. २०१९ मध्ये बांगलादेशातून अकुशल मजूर आणणे थांबवले आणि कागद नसलेल्यांची नोंदणी सुरू केली. मे २०२४ पासून परदेशी मजुरांचे ठसे व छायाचित्रे घेण्याची मोहीम चालू झाली.

हे सारे चांगलेच. पण ठसे घेतल्याने माणूस मोजला जातो, त्याचा थकलेला पगार मिळत नाही. कागद नसलेला मजूर सापडला की त्याला परत पाठवणे सोपे. ‘तुला इथे कोणी आणले, किती पैसे घेतले?’ हे विचारणे अवघड. आमच्या मते कायद्याची खरी कसोटी याच प्रश्नात आहे. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण मानणाऱ्या समाजाला तर तो टाळता येणार नाही.

आणि आपण? कोकणातल्या कितीतरी घरांत आखाती नोकरीचे पैसे आले आहेत. कमी शिकलेला मुलगा सौदीला किंवा कुवेतला निघाला की सरकारी इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. ज्या देशांसाठी तो लागतो त्या यादीत मालदीव नाही. तिथे जाणाऱ्याचा करार सरकार तपासत नाही, तो घरानेच तपासायला हवा. मालकाचे नाव-पत्ता, पगाराचा लेखी आकडा, परमिटवरचे काम हे सगळे पाहिल्याशिवाय एजंटाच्या हाती पैसे देऊ नयेत. पासपोर्टची एक प्रत घरी ठेवावी. आईचे दागिने गहाण पडण्याआधी एवढी चौकशी व्हावी, इतकेच आमचे सांगणे.