उद्योगासाठीं परगांवीं निघतांना

प्रवासाची तयारी आमच्या घरांतून पूर्वापार स्त्रियांनींच केली. मात्र प्रवासाला जाणारें माणूस बहुधा दुसरेंच असे. काशीयात्रेला निघालेल्या वडील मंडळींचें सोंवळें, फिरतीवर जाणाऱ्या यजमानांची वळकटी, शिक्षणासाठीं पुण्यास चाललेल्या चिरंजिवांचा फराळाचा डबा, हें सारें गृहिणीच्या हातचें. ती स्वतः निघालीच तर माहेरीं, लग्नकार्याला किंवा तीर्थाला. आतां ती व्यवहारासाठीं निघूं लागली आहे, आणि नवल असें कीं, साऱ्या घराची बोचकीं नेटकीं बांधणाऱ्या या स्त्रीला स्वतःची पिशवी भरावयास निघण्यापूर्वींची शेवटची अर्धी घटका तेवढी मिळते. ही अर्धी घटका वाढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कामासाठीं स्त्रीनें एकटें जाणें हें आपल्याकडे अगदींच नवें नव्हे. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत पार्वतीबाई आठवले गांवोगांव हिंडल्या, आणि १९१८ सालीं, इंग्रजी जेमतेम येत असतांना, थेट अमेरिकेस गेल्या. त्यांची ती यात्रा नव्हती, हौसहि नव्हती. तें काम होतें. आज त्याच अर्थानें कितीतरी भगिनी घराबाहेर पडत आहेत. आमच्या हिंगोली जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या.

१ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीचा म्हणून ओळखला जातो. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डांत हळकुंडांचे ढीग पडतात. वसमत येथें हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभें राहिलें आहे. आणि २०२४ सालीं ‘वसमत हळद’ या नांवाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु ढिगानें विकलेल्या हळकुंडाला दर मिळतो तो व्यापाऱ्याच्या मर्जीचा. तीच हळद दळून, चाळून, पुडींत भरून ग्राहकाच्या हातीं दिली म्हणजे मधला नफा घरांत राहतो. म्हणून बचतगटांतील स्त्रिया आणि घरगुती उद्योग चालविणाऱ्या गृहिणी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या ठिकाणीं आपला माल घेऊन जातात. हिंगोली ते मुंबई हें अंतर रेल्वेनें सहाशें किलोमीटरांहून अधिक आहे. मुक्काम आठ-दहा दिवसांचा, माल वर्षभराच्या कष्टाचा. अशा वेळीं तयारींतील लहानशी चूकसुद्धां महाग पडते.

पहिली तयारी पेटीची नव्हे, घराची. निघण्याच्या आदल्या रात्रीं सूचना देत बसूं नये. चार दिवस आधीं सर्व मंडळींना एकत्र बसवावें आणि कामांची यादी कागदावर मांडून स्वयंपाकघरांत लावावी. मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण देईल, देवपूजेची फुलें कोण आणील, मुलांचा डबा कोण भरील, दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवील, हें नांवानिशीं लिहावें. ‘कोणीतरी करील’ असें सोडलेलें काम कोणीच करीत नाहीं, आणि त्याचा बोल मात्र गेलेल्या सुनेला लागतो. जाऊबाईंवर भार पडणार असेल तर त्यांच्या पुढल्या गैरहजेरींत आपण तो उचलूं, हेंहि आधींच बोलून ठेवावें. एकत्र कुटुंबाचें बळ यांतच आहे.

घरच्या मंडळींनींही एक गोष्ट मनाशीं धरावी. यजमान फिरतीवर गेले असतां ‘गुळाचा डबा कोठें आहे’ असें विचारण्यास आपण त्यांना कचेरींत फोन करीत नाहीं. मग दुकानांत गिऱ्हाईक समोर उभें असतांना सुनेला तो फोन कां जावा? रात्रीं नऊची वेळ ठरवून घ्यावी. तेव्हां सर्वांनीं मनसोक्त बोलावें. दिवसा फोन यावा तो आजारपणासारख्या कारणासाठींच.

आतां गाडीकडे वळूं. जालन्यापर्यंत येणारी जनशताब्दी २०२४ सालीं हिंगोलीपर्यंत वाढविण्यांत आल्यामुळें मुंबईची सोय झाली आहे. परंतु ती बैठी गाडी आहे. पाठीचा त्रास असणाऱ्यांनीं किंवा बरोबर वयस्क बाई असणाऱ्यांनीं परभणी अथवा नांदेड गांठून रात्रींची शयनयानाची गाडी घ्यावी. तेथवर एस. टी. नें जातांना १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धेंच भाडें पडतें. रेल्वेचें आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधींच खुलें होतें. प्रदर्शनाची तारीख कळतांच तें करून टाकावें. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गांत एकट्यानें किंवा केवळ स्त्रियांच्या समूहानें प्रवास करणाऱ्यांसाठीं सहा जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालची जागा देण्याचीहि तरतूद आहे. तिकीट काढतांना तसें नमूद करावें. न मागतां तें मिळेलच असें नाहीं.

मालाचें गणित घरींच करावें. शयनयानांत माणशीं चाळीस किलो सामान विनामूल्य नेतां येतें. तिघीजणी निघाल्या तर एकशेंवीस किलो. प्रत्येकीचें स्वतःचें सामान दहा किलो धरलें तर नव्वद किलो हळद नेतां येते. म्हणजे पाव किलोच्या तीनशें साठ पुड्या. याहून अधिक माल न्यावयाचा असेल तर तो पार्सल म्हणून आधीं रवाना करावा. फलाटावर हमालाशीं आणि गाडींत सहप्रवाशांशीं वाद घालण्याची पाळी आणूं नये. एकेक खोकें पंधरा किलोंहून जड करूं नये. तें उचलण्यास दुसऱ्याची वाट पाहावी लागली, कीं प्रवास परावलंबी झालाच म्हणून समजावें. प्रत्येक खोक्यावर नांव, गांव आणि ‘तीनपैकीं पहिलें’, ‘तीनपैकीं दुसरें’ असें लिहावें, म्हणजे उतरतांना मोजणी चुकत नाहीं.

पुडीविषयीं दोन शब्द. हळदीचा रंग उन्हानें उडतो आणि मुंबईच्या दमट हवेंत पुडीला गांठी धरतात. म्हणून पाकीट अपारदर्शक आणि घट्ट बंद केलेलें असावें. त्यावर निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत, करणाऱ्याचें नांव-पत्ता आणि अन्नसुरक्षेचा चौदा आंकडी नोंदणी क्रमांक छापलेला हवा. तराजू नेणार असाल तर त्यावरील वैधमापन खात्याची मुद्रा चालू वर्षाची आहे ना, तें पाहून घ्यावें. पुड्यांबरोबर दोन किलो अखंड हळकुंडेंही घ्यावींत. चोखंदळ गिऱ्हाइकापुढें हळकुंड मोडून आंतला नारिंगी रंग दाखविला म्हणजे दहा वाक्यांचें काम होतें.

कपडे आणि हळद एका पिशवींत कधींही घालूं नयेत, हें सांगणें न लगे. तरी डाग पडलाच, तर लगेच साबण चोळूं नये. साबणांतील क्षारानें हळदीचा डाग लालभडक होतो. हळदींत क्षार मिळवूनच कुंकू होतें, हें आपणां सर्वांना ठाऊक आहेच. डाग पडलेलें वस्त्र आधीं नुसत्या पाण्यानें खळबळून धुवावें, मग साबण लावून निथळवावें आणि कडक उन्हांत वाळत घालावें. जें ऊन पुडीचें वैरी, तेंच डागाचें औषध.

आठ दिवसांच्या मुक्कामाला पांच सुती साड्या किंवा पोशाख पुरतात. रोज रात्रीं एक धुवावा, सकाळपर्यंत तो वाळतो. जरीचें वस्त्र एकच न्यावें. बक्षीस-समारंभ निघालाच तर उपयोगीं पडतें. दिवसभर उभें राहावयाचें असल्यानें सवयीच्या वहाणा घ्याव्यात. नव्या वहाणांची परीक्षा प्रवासांत पाहूं नये. शाल, लहान कुलूप व सांखळी, शिट्टी, विजेरी, सुईदोरा, पिना, दोरी, जुन्या वर्तमानपत्रांची घडी आणि दोन रिकाम्या कापडी पिशव्या, ही सारी सामग्री एका थैलींत मावते. मासिक धर्माची तारीख जवळ असो वा नसो, त्याचें सामान बरोबर असावेंच. प्रवासाच्या दगदगीनें तारखा मागें-पुढें होतात, आणि अनोळखी ठिकाणीं रात्रीं दुकान शोधणें अवघड जातें. नेहमींचीं औषधें मुक्कामापेक्षां तीन दिवस जास्त पुरतील इतकीं घ्यावींत आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याबरोबरच ठेवावी.

फराळाच्या बाबतींत आमच्या आजीबाईंचें शास्त्र अजून हरलेलें नाहीं. पाण्याऐवजीं दुधांत भिजविलेल्या दशम्या एक दिवस सहज टिकतात. धपाटे आणि शेंगांची चटणी पहिल्या रात्रीची सोय करतात. मराठवाड्याचें येसर आणि मेतकूट एकेक डबी घेतलें, तर मुक्कामीं गरम पाणी व भात मिळाला कीं जेवण झालेंच. रसाचें लोणचें मात्र घरींच ठेवावें. पाण्याची बाटली भरलेली असावी. वाटेंत स्वच्छतागृहाची अडचण म्हणून पुष्कळ स्त्रिया पाणी पिण्याचेंच टाळतात. त्यानें लघवीची जळजळ व ताप ओढवतो, आणि चार दिवसांची विक्री एका दुखण्यांत जाते. पाणी प्यावें आणि संकोच सोडावा.

पैशाची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची. रोकड तीन ठिकाणीं विभागून ठेवावी: थोडी हातपिशवींत, थोडी सामानांत, आणि अडीअडचणीची रक्कम परकराच्या चोरखिशांत. सुटे पैसे भरपूर न्यावेत. हल्लीं बहुतेक गिऱ्हाइकें मोबाईलवरून पैसे देतात; म्हणून सांकेतिक चौकोनाची पाटी दोन प्रतींत आणि मोबाईल भारित करण्याचें साधन बरोबर असावें. पैसे आल्याची खूण गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पाहून समाधान मानूं नये. स्वतःच्या मोबाईलवर पाहावी. आणि ती पाटी कोणत्या खात्याची आहे, हें निघण्यापूर्वींच पाहावें. तें खातें त्या स्त्रीच्या किंवा गटाच्या नांवाचें असावें, घरांतल्या दुसऱ्या कोणाच्या नांवाचें नव्हे. हें आम्ही कोणावर अविश्वास म्हणून लिहीत नाहीं. ज्याचा हिशेब आपल्या हातीं नाहीं, तो धंदा आपला राहत नाहीं, म्हणून लिहितों. आधारपत्र, नोंदणीचे दाखले आणि प्रदर्शनाचें निमंत्रण यांच्या दोन-दोन नकला करून एक संच सोबतिणीकडे ठेवावा.

सावधगिरी बाळगावी, पण भीति बाळगूं नये. पोहोंचण्याची वेळ दिवसाउजेडीं येईल अशी गाडी निवडावी. मुक्कामाचा पत्ता व तेथील फोन घरीं लिहून द्यावा. गाडींत अडचण आल्यास १३९, स्त्रियांच्या मदतीसाठीं १८१ आणि कोणत्याही तांतडीच्या प्रसंगीं ११२ हे क्रमांक पाठ असावेत. मोबाईलमध्यें असून भागत नाहीं, कारण मोबाईलच चोरीस गेला तर? नोकरीनिमित्त बैठकीला किंवा प्रशिक्षणाला जाणाऱ्या भगिनींनीं आणखी एक जाणून असावें. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणें कामानिमित्त जावें लागणारें ठिकाण आणि मालकानें पुरविलेलें वाहनही कामाचीच जागा मानलें जातें. तेथें कोणी मर्यादा सोडली तर तीन महिन्यांच्या आंत लेखी तक्रार करतां येते. आणि जेथें कचेरींत समिति नसेल, तेथें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागतां येते. ‘परगांवीं गेलीच कशाला’ हें त्या तक्रारीचें उत्तर होऊं शकत नाहीं, घरांतही नव्हे.

सुशिक्षित घरांतील भगिनींना एक सुचवावेंसें वाटतें. प्रदर्शनांत शेजारच्या दुकानीं खेड्यांतून आलेल्या गटाच्या बायका असतात. आठवडी बाजारांत बसून त्या जें शिकल्या आहेत, तें आपल्या पुस्तकांत नाहीं. दोघी विक्रीला आणि एक आळीपाळीनें विश्रांतीला, रात्रींची रोकड दोघींनीं मिळून मोजावयाची, गिऱ्हाइकाशीं भाव सोडून दुसऱ्या गोष्टी आधीं बोलावयाच्या, हे त्यांचे साधे नियम आहेत. त्यांच्याशीं मिळून-मिसळून राहावें. सोबत मिळते आणि विद्याही मिळते.

परत आल्यावर पेटी उघडण्याआधीं वही उघडावी. काय नेलें, काय विकलें, काय उरलें, भाड्याला व जेवणाला किती गेलें, कोणत्या गिऱ्हाइकानें पुन्हां माल मागितला, हें विसर पडण्यापूर्वीं लिहावें. पुढील खेपेची तयारी त्याच पानापासून सुरूं होते. नर्सीचे नामदेव आपली भक्ति घेऊन पंजाबांत घुमानपर्यंत गेले आणि परमुलुखांत आपले झाले. त्याच भूमींतली हळद घेऊन एखादी गृहिणी मुंबईला निघाली, तर घरानें तिला उंबऱ्यावर अडविण्यासाठीं नव्हे, दहीसाखर देण्यासाठीं थांबवावें. आणि गाडी सुटल्यावर तिच्या यादींतलीं कामें हातीं घ्यावींत.